हात वजा करून

आमच्या घरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली होती, आणि माझा धाकटा भाऊ नंदू सोडल्यास ती प्रत्येकाला ठाऊक होती. घर म्हणजे शनिवार पेठेतल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत, उजेड मिळावा म्हणून अगदी खिडकीला लावून, आईचे शिलाई मशीन होते. ती साड्यांना फॉल लावून देई, ब्लाउज शिवी, आणि दिवसाचा बराचसा वेळ तिची पाठ खोलीकडे असे. ही पाठ वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे. मशीनचा आवाज हेच आमचे घड्याळ होते. तो सुरू झाला की शाळेची वेळ जवळ आली, थांबला की आई स्वयंपाकाला उठली, आणि संध्याकाळी त्यावर मेणकापडाची टोपी चढली की बाबा जिन्यात असत. बाबा बुधवार पेठेत शालेय पुस्तकांच्या दुकानात विक्रेते होते. कोणत्या इयत्तेच्या संचात किती पुस्तके आणि त्यांतले कोणते या वर्षी बदलले, हे ते कपाटाकडे न पाहता सांगत. पोटासाठी वऱ्हाडातून आलेला हा माणूस दुकानाच्या फळीमागे उभा राहिला की ‘आपल्याला कितवीचा संच देऊ?’ असे शुद्ध पुणेरी बोले, आणि घरी आल्यावर सदऱ्याबरोबर ते बोलणेही खुंटीला अडकवून ठेवी. मग आवाज येई, “कुमे, पानी दे वं माय.” कुमी म्हणजे मी, कुमुद. आईने तर पुण्याची भाषा कधी अंगाला लावूनच घेतली नाही. गिऱ्हाईक बायकांना ती तिच्या वऱ्हाडी ‘हो जी’, ‘नाही जी’नेच जिंकी. रविवारी गोळाभात होई. चण्याच्या भरड्याचे तिखट गोळे भातात वाफवलेले, वर कडकडीत फोडणीचे तेल. त्या दिवशी जिनाभर मोहरीचा आणि हिंगाचा वास असे, आणि पहिल्या मजल्यावरच्या लेलेकाकू दार किंचित उघडून म्हणत, “वास आला. चव कशी असते ते मात्र अजून ऐकूनच आहे.” मग आई वाटी भरून मला खाली पिटाळी.

या अशा मांडणीच्या घरात नंदू म्हणजे एक सतत उघडी राहिलेली खिडकी होता. तो वाईट मुलगा नव्हता, हे मी शिक्षिका म्हणून सांगते, बहीण म्हणून नव्हे. तो खोटे बोलत नसे, कारण खोटे बोलण्यासाठी मघाशी आपण काय बोललो हे लक्षात ठेवावे लागते. त्याला ‘पाणी आण’ म्हटले तर तो उठे, माठाशी जाई, माठावरच्या झाकणावर बोटांनी ताल धरी, तेवढ्यात खाली दूधवाल्याच्या किटल्या वाजत, तो गॅलरीत धावे, आणि पाणी मागणारा तहानलेलाच राही. माझ्याहून तो पाच वर्षांनी लहान. तो रांगू लागला तेव्हाच आईने मशीनवर बसता बसता मला सांगितले होते, “कुमे, हे पोट्टं तुह्या हवाली.” मी ते काम गणवेश मिळावा तसे मिरवले. आमची शाळा एकच होती, माध्यमिकच्या इमारतीसमोर प्राथमिकची, मध्ये मैदान. सकाळी मी त्याला उठवत असे, दात घासताना शेजारी उभी राहत असे, न्हाणीघराचे दार ठरावीक वेळाने बाहेरून ठोठावत असे, कपडे ज्या क्रमाने घालायचे त्या क्रमाने खुर्चीवर मांडत असे, दप्तर वेळापत्रकाप्रमाणे भरत असे. अभ्यासाला बसला की त्याच्या पुस्तकातल्या ओळीखाली माझे बोट फिरे. बोट थांबले की नंदूही थांबे. हे सारे मी न बोलता करीत असे, आणि खरे सांगायचे तर मला ते आवडे. एखादा तक्ता रोज बिनचूक भरला जावा तशी माझी सकाळ पुरी होई, आणि आईच्या पाठीमागे ती इतकी शांतपणे पुरी होई की आईला मान वळवावी लागत नसे.

शाळेत मात्र माझे हात नव्हते. तिथून तक्रारी येत. नंदू बाकावर बसत नाही, प्रश्न संपायच्या आत उत्तर ओरडतो, वही पुरी करत नाही, दुसऱ्याच्या कंपासमधले काहीतरी त्याच्या खिशात सापडते आणि ते तिथे कसे आले हे त्यालाही माहीत नसते. बाईंनी त्याला इतक्यांदा वर्गाबाहेर उभे केले होते की व्हरांड्यातल्या त्या खांबाला मुले ‘नंदूची खोली’ म्हणत. चौथीच्या सहामाहीनंतर मुख्याध्यापिकांनी आई-बाबांना बोलावले. त्या मोजके बोलत. “डॉक्टरांना दाखवा. आजार असेल तर आम्ही सांभाळून घेऊ. नसेल तर हा खोडसाळपणा आहे, आणि मग पुढच्या वर्षी आपण दुसरी शाळा पाहावी.” बाबांचा निर्णय त्या दिवशी जिना चढेपर्यंत झाला होता. आईचा भाऊ लोणी काळभोरला नोकरीला होता. शिस्तीचा, मुलांवर हात उचलणारा माणूस. त्याने पूर्वीच सांगून ठेवले होते, “पाठव माह्याकडं, महिन्याभरात सरळ करतो.” बाबा म्हणाले, “डाक्टर काई नाही म्हनला, का जूनमंदी लोणीले धाडतो त्याले.” बाबांपाशी एक पुरावाही होता. त्या वर्षी नंदू शाळेच्या लेझीम पथकात होता आणि लेझीम हातात आली की त्याचा एक ठेका चुकत नसे. सराव करायला तो ती घरी घेऊन येई आणि गॅलरीत तासभर खेळे, खालून लेलेकाकू विचारीत, “आज पोळा आहे का हो? वर बैल नाचतायत.” बाबा म्हणत, “ते बरं जमते? मंग बाकीचं मुद्दामच नाही का?” हे ऐकले की आई पदराने डोळे पुसत मशीनकडे वळे. नंदू मामाला घाबरत असे. तो मामाकडे राहायला गेला असता तर काय झाले असते, याचा विचार मी आजही पुरा करत नाही.

डॉक्टरबाई लहान मुलांच्या मनाच्या आणि वर्तनाच्या डॉक्टर होत्या आणि एका धर्मादाय दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर बसत. लक्ष न टिकण्याच्या ज्या अवस्थेला आज घरोघरी एडीएचडी म्हणतात, तिचे नाव तेव्हा डॉक्टरांपुरतेच होते. मी रक्त काढतील, डोक्याचा फोटो घेतील असे समजून गेले होते. तसे काही नव्हते. या अवस्थेचे निदान कोणत्याही यंत्रावर होत नाही, हे पुष्कळांना अजूनही खरे वाटत नाही. त्यांनी आधी नंदूचे कान तपासायला पाठवले, मग डोळे. झोप कशी आहे, घोरतो का, कधी झटका आला होता का, तान्हा असताना कसा होता, बोलायला केव्हा लागला, घरात अलीकडे काही दुःखाचे घडले का, असे एकेक विचारून त्यांनी इतर कारणे बाजूला काढली. शाळेकडून त्यांनी बाईंचे लेखी म्हणणे मागवलेच होते; त्यात काय असणार हे आम्हाला ठाऊक होते. मग त्या आईकडे वळल्या.

“घरी कसा असतो?”

“घरी काई तरास नाही जी,” आई म्हणाली. तिला मुलाची बाजू घ्यायची होती आणि ती एक अक्षरही खोटे बोलत नव्हती. “येळेवर उठते, आंघोळ करते, दप्तर भरते, अभ्यासाले बसते. मी मशीनवर असतो ना, मले तर त्याचा आवाज बी येत नाही.”

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवले. “मग मला अडचण आहे. शाळेत दिसतं आणि घरी दिसत नाही, तर मला आधी शाळेकडेच संशयाने बघावं लागतं. कधी बाईंचं आणि मुलाचं पटत नसतं, कधी शिकवलेलं डोक्यावरून जात असतं. जे मुलाचं असतं ते मुलाबरोबर सगळीकडे जातं. घरी, शाळेत, लग्नात, बाजारात. लहानपणापासून आणि बरेच महिने. तसं असेल तरच मी त्या नावाचा विचार करते.”

आईचा चेहरा उतरला. चांगले सांगितले तर मुलगा जातो आणि वाईट सांगितले तर राहतो, असा हिशेब तिने आयुष्यात कधी केला नव्हता. डॉक्टरबाई तोवर नंदूशी बोलू लागल्या होत्या. तो खुर्चीवर नव्हताच. वजनकाट्यावर चढ-उतार करीत होता.

“काय रे, दप्तर कोण भरतं तुझं?”

“ताई.”

“आणि बूट?”

“ताई बांधते. मी बांधले की सुटतात.”

“आंघोळीला किती वेळ लागतो?”

“ताई दार वाजवते तेवढा.”

“अभ्यास?”

“ताई ओळीवर बोट ठेवते. बोट गेलं की ओळ पण जाते.”

“बरं. या ताई कोण?” असे म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी उभी राहिले. वर्गात उत्तर सांगायला उभी राहते तशी. मग सकाळपासून झोपेपर्यंतचे माझे काम क्रमवार सांगितले. शाबासकी मिळेल अशी माझी खात्री होती. त्यांनी सारे ऐकून घेतले, नंदूला बाहेर माशांची काचेची पेटी पाहायला पाठवले आणि म्हणाल्या, “कुमुद, इतका वेळ मला हा मुलगा दिसतच नव्हता. मला तू दिसत होतीस.”

त्यांची सूचना साधी होती. पुढच्या भेटीपर्यंत मी नंदूसाठी काहीही करायचे नाही. आठवण द्यायची नाही, शोधून द्यायचे नाही, बोट ठेवायचे नाही. आईने रागवायचे नाही, फक्त पाहायचे आणि येऊन सांगायचे. रस्ता, विस्तव, पाणी, जिथे इजा होईल तिथे मात्र ताबडतोब हात घालायचा.

“म्हंजे पोराले उपाशी धाडू जी?” आईने विचारले.

“डबा तुम्ही करा, ओट्यावर ठेवा. उचलून दप्तरात घालायचं काम त्याचं.”

“अन् त्याले सांगाचं का, का असं असं हाय म्हनून?”

“नको. सांगितलं तर तो दोन दिवस जीव तोडून सांभाळेल, आणि मला पुन्हा काही दिसणार नाही.”

मी मान डोलावली. सूचना मिळाली की ती तंतोतंत पाळायची, हे मला येत होते. किंबहुना मला तेवढेच येत होते.

पहिल्या सकाळी नंदू एका पायात मोजा घालून खोलीच्या मध्यभागी उभा राहिला आणि त्याने माझ्याकडे पाहिले. कुणीतरी पुढचे वाक्य सांगेल म्हणून नट विंगेत पाहतो, तसे. मी इतिहासाचे पुस्तक तोंडासमोर धरले. “ताई, माझा पट्टा?” पट्टा खुर्चीच्या पाठीवर, आईने काढून ठेवलेल्या साडीखाली होता, त्याचे बक्कल मला दिसत होते. “बघ ना तुझा तू,” मी म्हणाले. तो शोधायला गेला, पलंगाखाली त्याला जुना भोवरा सापडला, आणि पट्टा नावाची वस्तू जगातून नाहीशी झाली. मशीन थांबले. आईने स्टूल फिरवले. माझ्या आठवणीत सकाळच्या वेळी ती खोलीकडे तोंड करून बसली ती त्याच दिवशी. नंदू आंघोळीला जाऊन साबणाचा फेस अंगावर तसाच ठेवून बाहेर आला; मग पुन्हा गेला; मग शर्ट उलटा घालून, विना पट्टा, विना डबा, चपला घालून जिना उतरला. आईने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते.

“कुमे, हे रोजचंच हाये का वं?”

“हो.”

“अन् मले दिसलं नाही,” ती म्हणाली. तिचा पाय मशीनच्या पायटीवर होता, पण तिने तो दाबला नाही.

ओट्यावरचा डबा उचलून प्राथमिकच्या व्हरांड्यात नेऊन द्यायला मला काहीच वेळ लागला नसता. मी नेला नाही. मधल्या सुट्टीत तो मैदान ओलांडून आमच्या इमारतीखाली आला आणि ‘ताई, ताई’ म्हणून हाका मारू लागला. मी गॅलरीत मैत्रिणींच्या मागे सरकले. “अगं, तुझा भाऊ बोलावतोय,” एक जण म्हणाली. “माहीत आहे,” मी म्हणाले. ती माझ्याकडे निरखून पाहू लागली. रोज काहीतरी हरवत होते. पाण्याची बाटली गेली, एक वही गेली, आणि ‘नंदूच्या खोली’तला त्याचा मुक्काम वाढला. आई पाहत होती, आणि दिवसेंदिवस तिची शिलाईची कामे मागे पडत होती. बाबांना हा प्रकार पटला नव्हता. “हे नाटक कायले?” असे ते एकदा म्हणाले, पण डॉक्टरांच्या शब्दाला छापील पुस्तकाइतका मान देणारे ते गृहस्थ, त्यांनी मोडता घातला नाही.

इथे एक गोष्ट नोंदवणे भाग आहे, कारण ती गाळली तर हे प्रकरण अप्रामाणिक होईल. त्या दिवसांत मला बरे वाटत होते. आयुष्यात प्रथमच मी सकाळी निवांत वेणी घातली. इतिहासाचा धडा शेवटपर्यंत एका बैठकीत वाचला. बीजगणिताच्या चाचणीत माझे सारे बरोबर आले आणि सरांनी माझी वही वर्गाला दाखवली. नंदू खाली हाका मारत असताना माझ्या आत एक जागा मोकळी, हवेशीर होत चालली होती, आणि त्या जागेत बसायला मला आवडत होते. आपण त्याच्यासाठी हे करत आहोत, असे मी स्वतःला बजावत असे. ते खरेही होते. पण खरे असणे आणि पुरेसे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी पुढे मुलांना निबंध शिकवताना अनेकदा सांगितले.

रविवारी गोळाभात झाला. नंदूने आपल्या ताटातले गोळे एकेक करून माझ्या ताटात ठेवले.

“हे काय रे?”

“असंच. घे ना.” मग भाताशी चाळा करत तो म्हणाला, “तू माझ्यावर चिडलीयेस ना?”

“नाही.”

“मग सांगत का नाहीस काहीच? मी काय केलं ते तरी सांग.”

आई उठून आत गेली. बाबा भातावर पुन्हा तेल घेत राहिले, लागत नसताना. मी गोळे खाल्ले. न खाल्ले असते तर तो आणखी विचारत राहिला असता.

सोमवारी पथकाची अंतिम निवड होती. स्नेहसंमेलनात कोण उतरणार ते त्या दिवशी ठरायचे होते, आणि ड्रिलचे सर मुलांना बजावून म्हणाले होते, “ज्याच्या हातात लेझीम नाही, तो पथकात नाही.” नंदू त्या दिवशी न उठवता उठला. गॅलरीत त्याने सराव केला. दूध प्यायला हात मोकळे हवेत म्हणून लेझीम दाराच्या मागच्या खुंटीला अडकवली, दूध प्यायला, खालून कुणा मित्राने शीळ घातली, आणि तो दोन-दोन पायऱ्या उडवत गेला. आई नळावर पाण्याला गेली होती. मी दप्तर पाठीला लावून निघाले तेव्हा खोलीत मी आणि ती लेझीम, दोघीच होतो. विस्तव नव्हता, रस्ता नव्हता, पाणी नव्हते. सूचनेत जे अपवाद होते त्यांत ती बसत नव्हती. मी एवढाच विचार केला. मी दार ओढून घेतले, आणि खुंटीवरच्या चकत्या आतून खुळखुळल्या.

दुपारी शाळेच्या गॅलरीतून मैदान दिसत होते. पथक दोन रांगांत उभे होते. नंदू रांगेबाहेर, ड्रिलच्या सरांच्या मागे उभा होता, आणि त्याचे रिकामे हात सारे ठेके करत होते. वर, खाली, वाकून, वळून. एकही चुकत नव्हता. सरांनी मागे वळून पाहिले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून काही सांगितले, आणि हात थांबले.

नंदू आता नाट्यगृहांत प्रकाशयोजनेची कामे करतो. अंधारात उभे राहून नेमक्या क्षणाला नेमका दिवा लावण्यात त्याचा हात धरणारे थोडे आहेत, असे लोक सांगतात. काही वर्षांपूर्वी मी त्याला त्या दिवसाविषयी विचारले. “कसली लेझीम?” असे म्हणून तो हसला. त्याला खरोखर आठवत नाही, की मला सोडवण्यासाठी तो तसे म्हणाला, याचे निदान मला करता आलेले नाही.

दुसऱ्या भेटीला बाबा दुकानातून रजा घेऊन आले. या वेळी आई बोलली. तिने क्रम सोडला नाही, काही झाकले नाही. पट्टा, फेस, उलटा शर्ट, ओट्यावर राहिलेले डबे. हे सारे तान्हेपणापासून थोड्याफार फरकाने असेच होते आणि मुलगी ते झाकत आली, हेही तिने सांगितले. “मले पाठीनं दिसत नाही जी,” ती म्हणाली. बाबांनी सदऱ्याची कॉलर नीट केली आणि दुकानातली भाषा काढली. “आपण असं बघा, मॅडम. लेझीम त्याला बिनचूक जमते. मग बाकीचं मुद्दाम नाही का होत?”

“नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “जे आवडतं, वाजतं, हलतं, तिथे या मुलांचं लक्ष आपोआप धरलं जातं. जिथे स्वतःहून धरून ठेवावं लागतं तिथे ते निसटतं. त्याच्या हातात सोडायचं की धरायचं हे नसतं.”

मग मी लेझीमचे सांगितले. मी ते उत्तम निरीक्षण म्हणून सांगितले. कोणत्या खुंटीला, कोणत्या कारणाने, त्यानंतर मैदानावर काय. डॉक्टरबाईंचे पेन थांबले.

“म्हणजे तुला दिसली होती?”

“हो. पण तुम्ही म्हणाला होतात...”

“अगं, ती द्यायची होतीस,” त्या हलकेच म्हणाल्या. “मला एवढं नको होतं.”

त्यानंतर त्यांनी बाबांना पुष्कळ समजावले. निदान झाले होते. शाळेला त्या स्वतः कळवणार होत्या. बाक पुढचा हवा, काम तुकड्या-तुकड्यांनी द्यायला हवे, औषधाचे पुढे पाहू. मी फारसे ऐकले नाही. आजही एखादी आई माझ्याकडे येते. मी निवृत्त झाले तरी जुन्या विद्यार्थिनी आपल्या मुलांना घेऊन येतात. त्यांतली एखादी ‘घरी तर काही त्रास नाही हो’ असे म्हणते, तेव्हा मी तिला सांगते, की डॉक्टरांना सांगताना स्वतःचे हात वजा करून सांगा. नुसते मनात वजा करा, आणि मग आठवा. प्रत्यक्षात ते काढून घेण्याची गरज बहुधा पडत नाही.

नंदूला आत बोलावले. डॉक्टरबाईंनी त्याला खुर्चीवर बसायचा आग्रह केला नाही. वजनकाट्यावरच उभ्या असलेल्या त्याला त्या म्हणाल्या, “तू हे मुद्दाम करत नाहीस. मला समजलंय.”

“बाईंना सांगाल?”

“सांगेन.”

“मग ताई का सांगत नव्हती मला?”

“मीच तिला मनाई केली होती. तू एकटा कसा सांभाळतोस ते मला बघायचं होतं. आता मनाई संपली.”

तो काट्यावरून उतरला आणि माझ्यासमोर आला. “तुला पट्टा दिसत होता?”

“हो.”

“डबा पण?”

“हो.”

लेझीमचे त्याने विचारले नाही. मी उत्तर तयार ठेवले होते.

आम्ही चालत निघालो. बाबा खुशीत होते. “आता लोणी-फिणी काई नाही,” असे त्यांनी आईला दोनदा सांगितले आणि बुधवार पेठेच्या गर्दीत शिरताच उरलेला अर्धा दिवस दुकानात भरायला ते पुढे निघून गेले. आई पिशवी घेऊन चार पावले पुढे चालली होती. नंदू माझ्या शेजारी होता, पण माझा हात त्याने धरला नव्हता.

“ताई, बाबांचं दुकान कुठल्या हाताला?”

“डाव्या.”

त्याने डावीकडे पाहिले. दुकान होते. दुकानाच्या फळीमागे बाबा उभे राहिलेलेही दिसले.

“ताई, मागून काय येतंय?”

“रिक्षा.”

तो थांबला, पूर्ण वळला, रिक्षा येताना पाहिली, ती जाईपर्यंत पाहिली.

“आपला मजला कितवा?”

“दुसरा.”

“आईच्या पिशवीत काय आहे?”

“तुझ्या तपासणीचे कागद आणि छत्री.”

तो धावत जाऊन आईच्या पिशवीत डोकावला आणि परत आला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बाई वही तपासताना असतात तसा तो होता, नीट, सावकाश, प्रत्येक उत्तर स्वतः पाहून घेणारा. इतका वेळ एकाच गोष्टीवर टिकलेले त्याचे लक्ष मी लेझीमखेरीज कधी पाहिले नव्हते. माझे एकही उत्तर चुकत नव्हते, आणि तो विचारत होता. घंटेचा आवाज कुठून येतोय, समोरच्या पाटीवर काय लिहिलंय, त्या माणसाच्या डोक्यावर टोपी आहे का. मी सांगत गेले. आई कोपऱ्यावर थांबून आमची वाट पाहू लागली.

“चला ना वं दोघं बी,” ती म्हणाली. “मशीनवर कामं पडली हायेत.”

“थांब ना आई,” नंदू माझ्याकडेच पाहत म्हणाला, “अजून माझं विचारून झालं नाही.”